सुभेदाराची पेन्शन

दोस्तहो, आधी भांडण सांगतो. बाकीचं नंतर.

आपल्याला मेलेला सैनिक आवडतो. जिवंत परत आलेला आवडत नाही.

मेलेल्याचं सोपं असतं. त्याचं नाव दगडावर असतं. त्याला हार घालता येतो, त्याच्या नावानं घोषणा देता येते, पावती फाडता येते. तो औषधाला पैसे मागत नाही. मीटिंगमध्ये उठून 'पोरांनो, वर्गणीचा हिशेब दाखवा' म्हणत नाही. परत आलेला म्हणतो. म्हणून आपण त्याला 'मिलिटरीवाला म्हातारा, जरा तापट आहे' म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवतो नि आपलं भाषण चालू ठेवतो. पलटणीत पंधरा-वीस वर्षं काढून, एक लोखंडी पेटी नि पेन्शनीचं बुक घेऊन जो माणूस वस्तीत आला नि पुढची तीस वर्षं वस्तीसाठी राबला, त्याच्याबद्दल आपल्या भाषणात एक वाक्य नसतं. तलवारीबद्दल मात्र पानंच्या पानं.

दरसाल १ जानेवारीला आपण कोरेगावला जातो. मीही जातो. नाशिकहून रात्री जेवणं आटोपून टेम्पो निघतात, सिन्नर-संगमनेर करत पहाटे पोचतात. जायलाच पाहिजे. २०१८ साली तिथं आपल्या माणसांवर ज्यांनी दगड घातले त्यांना तर आपण दरसाल दिसलोच पाहिजे. पण स्टेजवरून जे आकडे फेकले जातात ते ऐकून मान खाली जाते. पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले म्हणे! अरे, कंपनीच्या त्या तुकडीत सगळे मिळून आठशेच्या आसपास माणूस होता. पाचशेच्या आसपास पायदळ, तीनशेच्या आतबाहेर घोडदळ, नि तोफेवर चोवीसेक गोरे. पायदळात महार पुष्कळ, पण एकटे महार नाहीत. पेशव्याची फौज मोठी होती हे खरं, पण गावात शिरून लढली ती दोन हजारांच्या आसपास. दगडावर ज्यांची नावं आहेत त्यात 'नाक' लागलेली २२ नावं. ती माणसं दिवसभर, घोटभर पाण्यावाचून लढली. एवढं खरं आहे नि एवढं बस झालं. खऱ्याला फुगवलं की टाचणी समोरच्याच्या हातात आपणच देतो.

आणि बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले ते काय आपली पाठ थोपटायला? त्यांनी तिथं इंग्रजाला झापला. ज्यांच्या जिवावर लढाया मारल्यात त्यांनाच पुढं बिगर-लष्करी ठरवून दाराबाहेर काढलंत, हा कसला न्याय, म्हणून. म्हणजे त्या स्तंभापाशी बाबासाहेबांनी सवाल टाकला तो भरतीचा होता. नोकरीचा होता. आणि नोकरीच्या शेपटाला बांधून येते त्या पेन्शनीचा होता. आपण तलवार तेवढी उचलली नि पेन्शन तिथंच विसरून आलो.

हा लेख त्या विसरलेल्या वस्तूबद्दल आहे.

रामजी सुभेदार घ्या. हे नाव निघालं की आपण 'बाबासाहेबांचे वडील' म्हणतो, हात जोडतो नि पुढं सरकतो. त्या माणसानं काय काय ओढलं ते बघा जरा. गाव आंबडवे, तालुका मंडणगड. बाप मालोजी, तेही पलटणीतले. कंपनीच्या फौजेत शिपायांना नि त्यांच्या पोरापोरींना शिकवणं सक्तीचं होतं असं बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. त्या सक्तीतून रामजी शिकले. शिकून मास्तर झाले, चौदा वर्षं लष्करी शाळेत हेडमास्तरकी केली, सुभेदार-मेजर झाले. ध्यानात घ्या, हा आपला मोठा सैनिक आयुष्यातली चौदा वर्षं हातात खडू घेऊन उभा होता. याचा पुतळा करायचा तर तलवार कुठं लावणार तुम्ही?

महूला १४ एप्रिल १८९१ ला चौदावं लेकरू झालं ते भीमा. पुढं दोन-तीन वर्षांत रामजी निवृत्त झाले नि काप दापोलीला आले. दापोलीला पलटणीच्या पेन्शनरांची वस्तीच होती. दुसरा कोणी असता तर ओट्यावर बसून पलटणीच्या गप्पा हाणत मेला असता. रामजी साताऱ्याला गेले, पुन्हा नोकरी धरली. साताऱ्यात १८९६ ला भीमाबाई गेल्या. घरात पोरं, सांभाळायला बहीण मीराबाई. सुभेदार मात्र खटाव तालुक्यात, सरकारनं दुष्काळी कामावर तलाव काढला होता तिथं खजिनदार. ती मसूर स्टेशनची बैलगाडीची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पोरं नवे कपडे करून बापाला भेटायला निघाली, जात कळल्यावर गाडीवान गाडी हाकीना, रात्रभर पाणी मिळेना. १९०१ ची गोष्ट. आपण ती पाण्याची गोष्ट म्हणून सांगतो. मी म्हणतो, ती बापाच्या कामाचीही गोष्ट आहे. बाप घरी का नव्हता? कारण सुभेदार-मेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस दुष्काळातल्या खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीचे पैसे मोजत बसला होता. बसला नसता तर पोरं शाळेत राहिली नसती.

मग मुंबई. परळची डबक चाळ, एक खोली. त्या खोलीत माणसं, चूल, सरपण सगळं. सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. दोन वाजता भीमाला उठवायचे नि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. दोघांना एका वेळी पसरायला जागाच नव्हती. भीमाला पुस्तकांचं वेड. पैसे नसले की म्हातारा उठून धाकट्या लेकीच्या दारात जायचा, दोन-पाच रुपये मागायचा. तिच्याकडं नसले तर थोरलीकडं. थोरलीकडं रोख नसलं तर ती अंगावरचा डाग काढून द्यायची. तो डाग मारवाड्याकडं गहाण पडायचा, पुस्तक घरात यायचं. आणि डाग सुटायचा कधी?

पेन्शन आली की.

इथं थांबा. हे वाक्य तुमच्या शिबिरात फळ्यावर लिहा. बाबासाहेबांची पुस्तकं पलटणीच्या पेन्शनीवर आली. आकाशातून नाही आली, कुणा बामणाच्या कनवाळूपणानं नाही आली. (सयाजीरावांची स्कॉलरशिप नंतरची, केळुसकर गुरुजींचा हात मोठाच, पण तोही बाहेरून आलेला.) घरातलं भांडवल म्हणाल तर एक निवृत्त हेडमास्तर, त्याच्या दोन लेकींचे दागिने, नि ठरल्या तारखेला येणारे थोडके रुपये. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार गेले. पोरगा बी.ए. झालेला पाहून गेले, कोलंबिया पाहायला राहिले नाहीत.

आता कोणी म्हणेल, हे सगळं भावनेचं झालं. तर हिशेबाचं सांगतो.

आपल्या आज्या-पणज्यांना गावात काय होतं? वतन. काय शब्द आहे! वतन म्हटलं की वाटतं जहागिरीच. होतं काय, तर गावाबाहेर जमिनीचा तुकडा, तोही भावकीत चिंधड्या झालेला, नि दारोदार फिरून मागायची भाकर. त्या बदल्यात चोवीस तास बांधलेला माणूस. सरकारी सारा पोचव, साहेबाच्या घोड्यापुढं पळ, मौतीचा सांगावा घेऊन दहा कोस जा, मेलेलं ढोर ओढ, रात्री वेशीत जाग. एकानं नाही म्हटलं तर सगळ्या म्हारवाड्याची भाकर बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते या गळफासासाठी. कायद्यानं वतन जायला १९५८ साल उजाडावं लागलं.

वतनाची गोम ही की सगळं पाटलाच्या हातून येतं. पेन्शन पाटलाच्या हातून येत नाही. ती पोस्टातून येते, खजिन्यातून येते. थोडी असेल, पण रोख असते, नि गावकीला विचारून येत नाही. ती आली की माणूस दुकानातून ज्वारी विकत आणू शकतो. विकत आणलेल्या ज्वारीला जोहार घालावा लागत नाही. जोहार न घालणारा एक माणूस वाड्यात असला की पोरं त्याच्याकडं बघायला लागतात. बस्स, एवढीच क्रांती असते सुरुवातीला.

म्हणून तर गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निघतात. महाडजवळच्या रावढळचा हा माणूस १८८६ ला हवालदार म्हणून निवृत्त झाला, दापोलीत राहिला, जोतिबांचा विचार घेऊन 'दीनबंधू'त लिहायला लागला. १८८८ ला 'विटाळ विध्वंसन' छापलं. प्रश्न विचारले धर्मवाल्यांना, छापून, सही करून. अनार्य दोषपरिहारक मंडळी काढली. १८९५ ला महाडच्या लोकल बोर्डावर नेमला गेला तर बाकीच्या सभासदांना त्याच्या शेजारी बसवेना! अर्थात हवालदाराला त्याचं काय. १९०० ला मरेपर्यंत लिहीत, फिरत राहिला. हवालदाराची पेन्शन घेणारा हा माणूस वतनावर असता तर पहिल्या लेखालाच त्याची भाकर बंद झाली असती नि दुसरा लेख झालाच नसता.

आणि नेमका हाच झरा इंग्रजानं बुजवला. रॉबर्ट्स नावाचा लाट १८८५ ते १८९३ हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता. त्याच्या डोक्यात लढवय्या जातींचं खूळ. पंजाब-सरहद्दीचे शूर, दख्खनचे मऊ. १८९२-९३ च्या सुमाराला महारांची भरती बंद झाली. रामजी सुभेदारांनी त्याविरुद्ध न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीनं अर्ज केला. वलंगकरांनी १८९४ ला विनंतीअर्ज तयार केला. १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी दख्खनच्या महारांच्या वतीनं विलायतेच्या स्टेट सेक्रेटरीपर्यंत अर्ज नेला. पंचवीस वर्षं अर्ज, अर्ज, अर्ज. मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडून टाकली. वापरला नि फेकला. दुसरं युद्ध आलं, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले नि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ती राहिली. आज तिच्यात सगळ्या जातीधर्माची पोरं आहेत, त्याचं मला वाईट वाटत नाही.

महाड आठवा. २० मार्च १९२७, तळ्याचं पाणी प्यायल्यावर गावगुंडांनी आपल्या माणसांना घराघरात शिरून मारलं. बंगल्यावर आपले शेकडो लोक होते, त्यात पलटणीत लढून आलेले पेन्शनर. त्यांनी ठरवलं असतं तर महाडच्या आळ्यांत काय झालं असतं याचा विचार करा. बाबासाहेबांनी 'थांबा' म्हटलं, नि ती माणसं थांबली. बंदूक चालवता येणाऱ्या माणसानं हात आवरणं नि आपण भाषण ठोकून हात आवरणं यात फरक आहे. मी हे काही पोरांना मुद्दाम सांगतोय, त्यांना कळेल.

आणि आपलं नाशिक. २ मार्च १९३०, काळाराम. चार-चारच्या रांगा, जवळजवळ मैलभर लांब. पुढं बँड, त्यावर लष्करी चाली. मागं स्काउट, मग पाचशेच्या आसपास बायका, मग लोकांचा लोट. दरवाजे बंद. सशस्त्र पोलीस. दगड खाल्ले ते ९ एप्रिलला, रामनवमीच्या रथाला. दादासाहेब गायकवाडांनी हा सत्याग्रह १९३५ पर्यंत ओढत नेला. मला लहानपणापासून कोडं पडायचं. ही माणसं दिंडोरी-निफाड-सिन्नरकडची शेतमजूर, वतनदार, बिगारी. त्यांना मैलभर चार-चारच्या रांगेत, धक्काबुक्की न करता, दिवसभर उन्हात उभं राहायला कुणी शिकवलं? चार-चारची रांग आईच्या पोटातून येत नाही. कुणीतरी समोर उभं राहून, आवाज चढवून, दहा वेळा मोडून पुन्हा लावून घ्यावी लागते. त्या रांगेच्या मागं परेड केलेला कोणी म्हातारा दिसत नसेल तर तुम्हाला रांग कशी लागते तेच माहीत नाही. रविवारच्या आपल्या मोर्चात बघा, शंभर माणसं पन्नास दिशांना.

आणखी एक नाशिकची गंमत. काळारामाचा सत्याग्रह धुमसत होता त्याच वर्षांत डॉ. मुंजे १९३१ ला इटलीला जाऊन मुसोलिनीला भेटून आले. हिंदू मऊ झाले, त्यांना सैनिक बनवलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. १९३५ ला त्यासाठी संस्था काढली नि १९३७ ला याच नाशकात भोसला मिलिटरी स्कूल उभं राहिलं. का रे बाबांनो, हिंदू सैनिक पाहिजे होते ना तुम्हाला? चार-चारच्या रांगेत तुमच्या रामाच्या दारात उभे होते की! तीन पिढ्या पलटणीत काढलेले. दार उघडलं असतंत तर आयते सैनिक मिळाले असते, इटलीच्या बोटीचं भाडं वाचलं असतं. त्यांना सैनिक नको होते. त्यांना आपल्या जातीचे सैनिक पाहिजे होते, आणि आमच्या बाबतीत, रांगेत उभा राहून मार खाणारा एक जमाव. त्या शाळेत पुढं कोण शिकलं, कोण नाही, याच्याशी माझं भांडण नाही. भांडण त्या दोन दारांशी आहे, एक बंद ठेवलेलं नि एक नव्यानं बांधलेलं.

आता माझ्या आज्याचं थोडं सांगतो, कारण त्याच्याशिवाय हे सगळं मला पुस्तकातलंच राहिलं असतं. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की फोटो लागतो, फोटोला हार, नि संपलं.

आजा १९४३ ला दिंडोरी तालुक्यातनं महार रेजिमेंटमध्ये गेला. १९४७ ला पंजाबात होता. तिथं काय बघितलं ते त्यानं घरात कधी सांगितलं नाही, एवढंच म्हणायचा, 'माणूस जातीनं मारला नि धर्मानं मारला, मेल्यावर वास सारखाच येतो.' १९६० ला नाईक होऊन घरी आला. कायद्यानं वतन गेलेलं, पण गावानं कायदा वाचलेला नव्हता. पहिल्याच आठवड्यात चावडीवरनं बोलावणं आलं, येसकराची पाळी तुमच्या घराची आहे म्हणून. आज्यानं निरोप्याला पाण्याचा तांब्या दिला नि म्हणाला, 'सांगा, नाईक सुट्टीवर नाय, पेन्शनीवर हाय. पाळी संपली.' आजी आत थरथरत होती म्हणे. आठ दिवस वाड्याला दुकानात मीठ मिळालं नाही. आजा पायी दिंडोरीला गेला नि पोतं भरून मीठ घेऊन आला. कशाच्या पैशानं, ते तुम्ही ओळखलं असेल.

पुढं शहरात आला. सातपूरला एका कारखान्यात रात्रीचा वॉचमन. मालक त्याला 'ए म्हातारे' म्हणायचा, आजा त्याला सॅल्यूट ठोकायचा, पण सॅल्यूट असा की मालकच गोंधळायचा. सकाळी सातला सुटायचा, दहाला झोपायचा, चारला उठून वस्तीतल्या समाजमंदिरात पोरांना बसवायचा. त्याला स्वतःला इंग्रजी यायचं ते फौजेतलं, रोमन लिपीतलं हिंदुस्थानी नि हुकूम. 'स्टँड अॅट ईज' म्हणून पाढे सुरू. पाढा चुकला की 'अॅज यू वेअर', पहिल्यापासून. आम्ही हसायचो. पण त्याच्याकडं एक वही होती, लाल कापडी पाठीची. त्यात पोरांच्या मॅट्रिकच्या फीची नोंद. कुणाला किती दिले, कुणी परत केले. परत न करणाऱ्याच्या नावापुढं काही लिहिलेलं नसायचं, नुसती जागा मोकळी. त्या वहीत चौतीस नावं होती. त्यातले दोघं आज मोठे साहेब आहेत, त्यांच्या नावापुढची जागा अजून मोकळी आहे. असो.

१९६४ च्या डिसेंबरात दादासाहेबांचा भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आजा निघाला. वस्तीतल्या एका शहाण्यानं सांगितलं, जेलात गेलास तर पेन्शन जाईल. आज्याला खरंच भीती वाटली. तो आठ दिवस गप्प होता. मग आजी म्हणाली, 'पेन्शन गेली तर मी हाये की मजुरीला. जा.' तो गेला. पेन्शन काही गेली नाही. ही गोष्ट मी एवढ्यासाठी सांगतो की पेन्शन माणसाला धीट करते तशी भित्रीही करते. सगळे पेन्शनर रामजी नव्हते नि वलंगकरही नव्हते. कॅन्टीनची बाटली, छातीवर मेडल, नि 'आमच्या टायमाला' सांगत बसणारे ढीगभर होते, अजून आहेत. पण ज्याच्या हातात ठरल्या तारखेचा पैसा आहे त्याला भ्यायचं की नाही हे ठरवता तरी येतं. वतनवाल्याला ते ठरवताच येत नव्हतं.

आजा १९९६ ला गेला. आजीला फॅमिली पेन्शन मिळत राहिली, ती असेपर्यंत.

इथं माझा एक कॉम्रेड मित्र मला अडवतो. म्हणतो, फौज म्हणजे राज्यसत्तेचा दंडुका. गोरा गेला, काळा आला, दंडुका तोच. तू त्याचे पवाडे गातोस? नाही गात. मी पलटणीचे पवाडे गात नाही, मी पगारपत्रक वाचतोय. रामजी काय इंग्रजावर प्रेम म्हणून गेले पलटणीत? गावात माणूस म्हणून जगायला जागा नव्हती म्हणून गेले. ज्या मालकानं शिकवलं त्यानंच पुढं दार लावलं, हे मी वर लिहिलंय. मालक चांगला होता असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की त्याच्याकडनं आपल्या माणसांनी काय काढून घेतलं ते बघ. अक्षर काढून घेतलं, कवायत काढून घेतली, पेन्शन काढून घेतली, नि तिन्ही आणून वाड्यात ओतली. तू शहरातल्या खोलीत बसून क्रांती करतोस ती खोली तुझ्या बापाच्या रेल्वेच्या पेन्शनीतली आहे, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. रागावला. रागावू दे.

आणि आता मूळ दुखण्यावर येतो, कारण हे सगळं उगाच आठवत नाही मला.

१४ जून २०२२ ला सरकारनं अग्निपथ जाहीर केलं. त्याच्या आधी करोनाच्या नावाखाली दोन वर्षं फौजेची भरतीच बंद होती, पोरांची वयं उलटत होती. मग हे आलं. साडेसतरा ते एकवीस वयाची पोरं, चार वर्षं नोकरी. पहिल्या वर्षी महिन्याला तीस हजार, चौथ्या वर्षी चाळीस हजार, त्यातलेही तीस टक्के कापून ठेवायचे. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस आत, बाकीचे बाहेर. बाहेर पडणाऱ्याला साधारण पावणेबारा लाख एकरकमी. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. माजी सैनिक म्हणून असलेल्या सवलती नाहीत. पोलिसात, निमलष्करी दलात जागा राखून ठेवू म्हणतात, ते पुढचं पुढं.

ही पोरं आपल्या डोळ्यासमोर तयार होतात. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात २०२३ च्या जानेवारीपासून अग्निवीर घडतायत. देवळालीत प्रादेशिक सेनेची भरती निघाली की रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, वर्तमानपत्रं अंथरून झोपलेली पोरं बघा एकदा. पाठीवर एक सॅक, त्यात केळी नि सर्टिफिकिटं. मराठवाड्यातली, खानदेशातली, आपली, मराठ्यांची, धनगरांची, आदिवाशांची. श्रीमंताचं एक दिसणार नाही.

१० ऑक्टोबर २०२४ ला इथंच, देवळालीकडं तोफेच्या सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. एक वीस वर्षांचा, एक एकवीस. कोणत्या राज्यातले, कोणत्या जातीचे, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. त्यांच्या आयांना एकरकमी पैसे मिळणार. विमा आहे, रक्कम लहान नाही, हे कबूल करायला पाहिजे, खोटं बोलून भांडायचं नाही. पण माझ्या आजीला जशी महिन्याच्या महिन्याला पेन्शन यायची, मरेपर्यंत, तशी त्यांना येणार नाही. एकाच पलटणीत, एकाच तोफेपाशी, जुन्या भरतीचा जवान नि नवा अग्निवीर मेला तर एकीच्या दारात पोस्टमन दर महिन्याला येणार नि दुसरीच्या दारात एकदाच.

एकरकमी पैशाचं काय होतं ते आपल्या वस्तीला कुणी शिकवायला नको. बहिणीचं लग्न, पत्र्याचं घर पक्कं, एक मोटारसायकल, नि एक मेव्हणा जो म्हणतो धंद्यात घाल. दोन वर्षांत साफ. मी पोरांना उधळे म्हणत नाही. गरिबाच्या घरात मोठी रक्कम आली की तिला दहा तोंडं फुटतात, ती थांबत नाही. दरमहाची थोडकी रक्कम थांबते, कारण ती पुन्हा येणार असते. तिच्यावर डाग गहाण ठेवता येतो नि सोडवताही येतो. रामजी सुभेदारांना चार वर्षांनी एकरकमी देऊन घरी पाठवलं असतं तर डबक चाळीतला दिवा रात्री दोनला लागला असता का, सांगा मला.

१८९२ ला दार लावलं तेव्हा ते उघड लावलं. यावेळी दार सताड उघडं आहे, आत जा म्हणतात, मागच्या बाजूनं चार वर्षांत बाहेर काढतात. मधल्यामध्ये पेन्शनर नावाचा माणूसच गायब. वाड्यात पेटी घेऊन परत येणारा, वही ठेवणारा, चार-चारच्या रांगा लावणारा, 'हिशेब दाखवा' म्हणणारा. तो पुढच्या पिढीत असणार नाही. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी बंदूक चालवायला शिकलेलं, हातात काम नसलेलं पोरगं असेल. त्याला कोण उचलेल? मॉलच्या दारावर उभं करणारा ठेकेदार उचलेल, नाहीतर काठ्या वाटणारे उचलतील. नाशकात दोन्ही दुकानं जोरात आहेत.

आणि आपण काय करतोय? जयंतीला डीजे कुठला, यावर तीन मीटिंगा. अग्निपथवर एक नाही. जून २०२२ ला बिहारात पोरांनी रेल्वे पेटवल्या, चूक का बरोबर ते सोडा, पण त्यांना कळलं की काहीतरी गेलं. आपल्याला, ज्यांची अख्खी चळवळ पेन्शनरांच्या खांद्यावर उभी राहिली, त्या आपल्याला कळलं नाही. कारण आपल्याला मेलेला सैनिक आवडतो.

वलंगकरांनी केलं, शिवराम जानबांनी केलं, ते आपल्याला करता येतं. दिंडोरी, निफाड, सिन्नर, इगतपुरी, चारही तालुक्यांतनं २०२२ पासून किती पोरं अग्निवीर म्हणून गेली त्याची गाववार यादी करायची. आपलीच नाही, सगळ्यांची. मराठ्याच्या पोराचं नाव त्यात आलं तर लेखणी अडू द्यायची नाही. वस्तीत जे जुने पेन्शनर जिवंत आहेत त्यांच्याकडं वही घेऊन बसायचं, पेन्शन कधी सुरू झाली, तिच्यातनं काय काय झालं, किती पोरं शिकली, ते त्यांच्या तोंडून लिहून घ्यायचं. म्हातारे झपाट्यानं चाललेत, पावसाळ्याच्या आत हे काम व्हायला पाहिजे. यादी नि वह्या जोडून अर्ज करायचा. तो दिल्लीला पाठवायचा, जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात द्यायचा, नि त्याच्या प्रती स्टेन्सिल कापून गावोगाव वाटायच्या. ज्यांना सायक्लोस्टाइलवर हात काळे करायला लाज वाटत नाही त्यांनी रविवारी समाजमंदिरात या. शाई आहे, कागद कमी पडतोय, येताना एक दस्ता घेऊन या.

मसुदा मी लिहायला घेतलाय. त्या काळचे अर्ज 'मायबाप सरकार' म्हणून सुरू व्हायचे. आपला तसा होणार नाही, एवढं ठरलंय. पहिलं वाक्य काय करायचं ते अजून जुळत नाही, या, बसून जुळवू.